दुसरं आवर्तन

सटाण्याला सकाळी सहाला फॉल-इन झालं, हजेरी झाली. आमच्या महिला होमगार्ड सेक्शनला गिरणेवर पोस्टिंग मिळालं होतं, एका बंधाऱ्याजवळ, पॉइंट सात. नव्वदच्या पुढच्या सालचा मे महिना. सेक्शन लीडर सुमनताई. वयाने माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, आवाज मैदानभर जाणारा. मी बोललेलं शेजारणीलाही दोनदा विचारावं लागे. त्या म्हणायच्या, "तू शिट्टीच वाजवत जा."

होमगार्ड म्हणजे फौज नव्हे. पण हुकूम तिथेही असतो.

गिरणा पश्चिमेच्या डोंगरातून येते. पावसाळ्यात दोन्ही काठ भरून वाहते आणि होळीनंतर तिच्यात नुसती वाळू उरते. मग वरच्या धरणातून ठरवून पाणी सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात. ते खालच्या शहराच्या नळांसाठी असतं. वाटेत कोणी मोटार टाकू नये, बंधाऱ्याला फळ्या लावून पाणी अडवू नये, यासाठी आमचा बंदोबस्त. काठावरच्या गावाचं पाणी म्हणजे झिरे. वाळूत पुरुषभर खोल खड्डा खणायचा, तळाशी पाझरलेलं पाणी वाटीने हंड्यात भरायचं. बायकांचे नंबर लागत. हंडा भरायला तासभर जाई. नंबर सोडला तर पुन्हा शेवटी.

एप्रिलच्या आवर्तनालाही आम्ही तिथेच होतो. पाणी बाराला येणार असं कळवलं होतं. आम्ही अकरालाच बायकांना वर काढलं. पाणी आलं चारला. कोरड्या वाळूने वाटेत पिऊन टाकलं होतं. पाच तास त्या बायका रिकामे हंडे घेऊन उन्हात बसल्या आणि मला बोलत राहिल्या. जिजाबाई नावाची एक जण म्हणाली, "ओ पोलिसबाई, घर तुना नवराले भाकर कोन करी देस?" सगळ्या हसल्या. ते हसणं महिनाभर माझ्या कानात होतं.

मे महिन्यातही पाणी बाराला येणार होतं आणि ताईंनी तोच हुकूम दिला. "अकराला नदी रिकामी." ताई बाकीच्या दोघींना घेऊन वरच्या अंगाला मोटारी बघायला गेल्या. झिऱ्यांकडे मी एकटी.

अकराला मी काठावर गेले. खाली चौदा बायका होत्या. जिजाबाई झिऱ्यात उभी होती. तिने वर बघून विचारलं, "पानी कव्हय येई?"

मी म्हणाले, "चारशिवाय येत नाही. भरा तुम्ही."

शिट्टी गळ्यात होती. वाजवली नाही.

मी नदीकाठचीच आहे. एकदा भिजलेली वाळू दुसऱ्यांदा तेवढं पीत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्या वेळी आठवलं नाही. किंवा आठवायचं नव्हतं.

बारा चाळीसला ताई परत आल्या. हातातल्या वॉकी-टॉकीतून आवाज आला.

"पॉइंट सात, पाणी पॉइंट सहा सोडून गेलं. नदी रिकामी आहे का? ओव्हर."

त्यांनी खाली पाहिलं, मग माझ्याकडे. वॉकी-टॉकी माझ्या हातात दिला आणि ओरडतच उतरल्या. मी मागे धावले. बायका हंडे टाकून पळाल्या. जिजाबाईला खड्ड्यातून निघता येईना. ताईंनी आत उतरून तिला खालून उचललं, मी वरून ओढलं. तेवढ्यात पाणी आलं. आधी फेस आणि पाचोळा, घोट्याएवढं. मग मांडीपर्यंत. झिऱ्याचा काठ खचला आणि ताई वाळूसकट आत गेल्या. मी जिजाबाईला सोडून हात घातला. खाकी साडीचा पदर हाताला लागला, निसटला.

अडीचला गावच्या माणसांना ताईंचं प्रेत खालच्या बंधाऱ्याजवळ सापडलं.

चौथ्या दिवशी चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, "अकराला नदी रिकामी केली होती?" मी खाली मान घातली. साहेब समजूतदार होते. त्यांनीच वाक्य सांगितलं आणि क्लार्कने लिहिलं: बायकांना वेळेवर बाहेर काढले होते, त्या सूचना न जुमानता पुन्हा उतरल्या. मला वाचायला दिलं. चौथीपर्यंत शिकले आहे, मला ते नीट वाचता आलं. मी सही केली.

गावात पोलीस जाऊन आले. बायकांना दम दिला. मी काय बोलले होते ते जिजाबाईने कोणालाच सांगितलं नाही. पुढे एकदा ती सटाण्याच्या बाजारात भेटली. ती म्हणाली, "ती बाईनं माले लेकरूगत उचलं." आणि निघून गेली.

मी त्या वर्षीच राजीनामा दिला. कारण घरचं लिहिलं.

सेक्शन लीडर सुमनताईंनी अकराला नदी रिकामी करायला सांगितलं होतं. हुकूम बरोबर होता. बायका पुन्हा उतरल्या नव्हत्या. मी त्यांना वर काढलंच नव्हतं.