तळ्यावरची माणसं

सुखदेव ओव्हाळ बोलायला उभे राहिले, की हिरा अंधारात जाऊन बसायची. पुढे पांढऱ्या चादरीच्या पडद्याशेजारी सुखदेव, हातात वेताची छडी; मागे प्रोजेक्टरपाशी ती. स्लाइड खाचेत उलटी घालावी लागते, तेव्हा कुठे पडद्यावर पक्षी सरळ उभा राहतो, हे ती पहिल्याच दिवशी शिकली होती. दिवा विझवला तरी पंखा चालू ठेवायचा, नाहीतर काच तडकते, हेही. बाकी शिकायचं फारसं काही नव्हतं. भाषण तिला ऐकून ऐकून पाठच झालं होतं.

सुखदेव खडकीच्या कारखान्यात फिटर. घर येरवड्याला, दोन खोल्यांचं. एकदा पुण्याबाहेरच्या मांजरी गावात एका सहकाऱ्याच्या घरी जेवायला गेले आणि उसाच्या फडामागचं तळं पाहून आले, ते वेगळेच होऊन आले. पुढल्या महिन्यात जुन्या बाजारातून कॅमेरा आला. मग लांब भिंग आलं. हिरा म्हणाली, "अहो, पोरगी कॉलेजला जायची आहे." ते म्हणाले, "एकदा माझ्याबरोबर चल, मग बोल." ती गेली. कमरेएवढ्या गवतात बसून तिनं कमळाच्या पानांवरून चालणारा पक्षी पाहिला आणि त्यानंतर भिंगाबद्दल चकार शब्द काढला नाही.

पहिलं भाषण येरवड्याच्या विहारात, रविवारच्या वंदनेनंतर झालं. सुखदेव पडद्याकडेच तोंड करून बोलत होते. कमळपक्ष्याची स्लाइड आली तेव्हा ते म्हणाले, "यांच्यात अंडी घालून बाई निघून जाते. उबवायची बापानं, पिल्लं वाढवायची बापानं. पाऊस आला तर पिल्लांना पंखाखाली धरून पळायचंही बापानंच." बायका अशा हसल्या, की मागच्या पुरुषांनाही हसावं लागलं. तिथून सुखदेवांची भीड चेपली. मग शाळा, महिला मंडळं, बँकेच्या कर्मचाऱ्यांचं स्नेहसंमेलन, बिबवेवाडीचा ज्येष्ठ नागरिक संघ. स्कूटरवर पुढे प्रोजेक्टर, मागे हिरा, तिच्या मांडीवर स्लाइडचे डबे. ही गोष्ट नव्वदीनंतरची. शहरात रोज नवी दुकानं उघडत होती, पण रविवारी सकाळी एखाद्या हॉलमध्ये बसून बदकं बघायला लोकांना अजून वेळ होता.

तळं बापूरावांच्या जमिनीत होतं. म्हातारा माणूस, या दोघांना कधी अडवलं नाही. उलट बांधावर बसून विचारायचा, "आज काय नवीन घावलं का?" मग हडपसरच्या बाजूला कंपन्या आल्या. कंपन्यांमागून इमारती आल्या आणि जमिनीचे भाव ऐकून माणसांची झोप उडू लागली. एका सकाळी तळ्याच्या काठावर चुन्याची रेघ ओढलेली दिसली.

बापूराव तोंड चुकवत म्हणाले, "राग धरू नगा, ओव्हाळ. सातबाऱ्यावर माझ्या बापाचं नाव हाय, तुमच्या पाखरांचं न्हाय. पोरांनी विकायचं ठरवलंय, मी काय करू?"

घरी येताना सुखदेव स्कूटर इतकी हळू चालवत होते, की मागून येणारे शिव्या देऊन पुढे जात होते.

त्यानंतर दोन वर्षं ते धावले. या कचेरीतून त्या कचेरीत. सगळीकडे एकच उत्तर मिळालं: कागदावर तिथे तळं नाही, पडीक जमीन आहे. सुखदेव स्लाइड पुढे करायचे. साहेब ती उजेडाकडे धरून म्हणायचे, "फोटो छान आलाय हो." आणि परत करायचे. भाषणाचा शेवट बदलला. आता शेवटची स्लाइड संपली की ते हात जोडून म्हणायचे, "हे वाचवायचं असेल तर रविवारी सकाळी मांजरीला या." लोक भरपूर टाळ्या वाजवायचे. रविवारी मांजरीला हे दोघे आणि कॅमेरे घेतलेली दोन-तीन मुलं. ती मुलं बदकांसाठी आलेली असायची.

बिबवेवाडीच्या संघाचे सचिव रंगनाथ सबनीस एकदा त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "ओव्हाळ, आपण पक्षी दाखवावेत, मोर्चे काढू नयेत. आमच्या निम्म्या सभासदांना ब्लडप्रेशर आहे."

तळं बुजलं. पाडलेल्या घरांचा राडारोडा भरून डंपर येत राहिले. त्या हिवाळ्यात चक्रवाक बदकांची जोडी आली. राडारोड्यावर घिरट्या घातल्या, ओरडली आणि गेली. सुखदेवांनी गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला नाही. हिरा म्हणाली, "काढा की." ते म्हणाले, "कशाचा काढू?"

पुढे तिथे बारा मजल्यांच्या पाच इमारती उठल्या. नाव 'लोटस लगून'. सुखदेव तोवर निवृत्त झाले होते आणि त्यांची मुलगी अक्षता हिंजवडीला एका कंपनीत लागली होती. तिच्याच ऑफिसातला चेतन नावाचा मुलगा त्या सोसायटीत राहायचा, सांस्कृतिक समितीत होता. त्याचा फोन आला.

"काका, संडेला क्लबहाउसमध्ये एक टॉक ठेवू या? किड्ससाठी पण होईल. फक्त थोडं लाइट ठेवा, हं."

हिरा म्हणाली, "जाऊ नका. त्या जागेवर उभं राहून बोलता येणार आहे का तुम्हाला?"

"त्यांनी काय केलंय? त्यांना कुणी सांगितलंच नाही," सुखदेव म्हणाले. "मी सांगतो."

क्लबहाउस भरलं होतं. हिरानं दिवा लावला. पहिल्या स्लाइडपासून लोक गप्प होते, मुलंसुद्धा. इतक्या वर्षांत असा हॉल तिनं पाहिला नव्हता. कमळपक्षी आला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईनं हात वर केला. तिचं नाव दीपाली, हे नंतर कळलं.

"एक मिनिट, काका. हे सुंदर आहे. पण हे नेमकं कुठे?"

सुखदेवांनी छडी फरशीवर टेकवली. "ताई, तुम्ही बसला आहात तिथेच. या खुर्च्यांखाली कंबरभर पाणी असायचं."

हिरानं पुढची स्लाइड घातली नाही. पोचलं, असं तिला वाटलं. अखेर कुणाला तरी पोचलं.

"म्हणजे," दीपाली सावकाश म्हणाली, "आपल्या पार्किंगमध्ये पाणी येतं ते यामुळे!"

मागून कुणीतरी ओरडलं, "बिल्डर तर पाइप लीक आहे म्हणाला होता!"

"ॲग्रीमेंटमध्ये हे कुठे लिहिलंय?"

"चीटिंग आहे ही सरळसरळ."

माणसं उठली, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी दिवे लावले. लख्ख उजेडात पडद्यावरचा पक्षी फिका पडला. नीट पाहिलं तरच दिसला असता. सुखदेव छडी हातात धरून उभे होते. एका गृहस्थांनी जवळ येऊन तेवढ्यात विचारून घेतलं, "कबुतरांवर काही उपाय आहे का हो? बाल्कनी पार घाण करून टाकतात."

चार दिवसांनी चेतन घरी आला. सोसायटी कोर्टात जाणार होती. तिथे तळं होतं याचा पुरावा म्हणून वकिलाला स्लाइड हव्या होत्या, मूळ असतील तर उत्तम.

"सगळ्या देऊ नका," हिरा म्हणाली. "दुसरी प्रत नाही आपल्याकडे."

"अगं, आजवर तिथे तळं होतं हेच कुणी मानलं नाही. कोर्ट मानेल. एकदा कागदावर येईल." त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांनी उजेड दिसला, म्हणून तिनं स्वतःच डबे काढून दिले.

प्रकरण कोर्टात उभंच राहिलं नाही. बिल्डरनं तळघराला नवा गिलावा केला, पाणी उपसायचे पंप बसवून दिले, आणि सोसायटीनं तक्रार नसल्याची सही केली. चेतन कंपनीच्या कामावर अमेरिकेला गेला. वकिलांचं ऑफिस दुसरीकडे हललं होतं; त्यात स्लाइड कुठे गेल्या, कुणालाच सांगता येईना. सुखदेव तिथे तीनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा तिथल्या मुलीनं कंटाळून विचारलं, "काका, स्लाइड म्हणजे पीपीटी ना? मग तुमच्या मेलवर असेलच की."

त्यानंतर सुखदेव बोलले नाहीत. म्हणजे घरात बोलायचे. भाजी काय आणू, लाइट गेली, एवढं. अक्षतानं डिजिटल कॅमेरा आणला, तो त्यांनी कौतुकानं पाहिला आणि खोक्यात परत ठेवला. भाषणासाठी फोन आला तर "विषय संपला," म्हणून ठेवून द्यायचे.

असाच बिबवेवाडीहून एकदा फोन आला. ते झोपले होते. सबनीसांच्या जागी आता कुणी वासंतीबाई सचिव होत्या. ठरलेला वक्ता ऐनवेळी आजारी पडला होता. हिराच्या तोंडून निघून गेलं, "मी येते."

ती एकटी गेली. चित्रं नव्हती, त्यामुळे अंधार करायचं कारण नव्हतं. ट्यूबलाइटच्या उजेडात तिला पहिल्यांदाच ऐकणाऱ्यांचे चेहरे समोरून दिसले. तिनं सुरुवात केली. शब्द तेच होते, सुखदेवांचे, क्रमही तोच. पण "आता हा बघा" म्हणून ती थांबली, की समोर भिंत होती आणि भिंतीवर कॅलेंडर. चार-पाच पक्ष्यांतच तिला दम लागला. लोक भले होते. कुणी उठून गेलं नाही.

शेवटी एका आजोबांनी विचारलं, "बाई, हे सगळं कुठे बघायला मिळेल? नातवाला घेऊन जाईन म्हणतो."

हिरानं आठवून पाहिलं. नदीकाठचं एक ठिकाण आठवलं, तिथे आता रस्ता होता. दुसरं आठवलं, तिथे गटाराचा फेस.

"जवळपास नाही," ती म्हणाली. "लांब जावं लागेल."

"किती लांब?"

"ते मला नाही माहीत."

वासंतीबाईंनी आभार मानले, गुलाबाचं फूल दिलं. पुढल्या महिन्यात त्यांचा परत फोन आला तेव्हा सुखदेव समोरच खुर्चीत बसले होते. हिरानं त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते, कशाकडेच नाही. "आम्हाला नाही जमायचं हो," ती म्हणाली, आणि फोन ठेवून कणीक मळायला आत गेली.