वकीलबाईंनी नवऱ्याला बाहेर बसवलं

आम्हाला मूलबाळ नाही. बंगळुरूतला, येलहंक्यातला फ्लॅट मी माझ्या पगारातून घेतला आणि तोही माझ्या एकटीच्या नावावर, कारण त्या वर्षी नवऱ्याची नोकरी गेलेली होती. निवृत्त झाल्यावर मी मृत्युपत्राचा विषय दोन-तीनदा काढला. दर वेळी तो म्हणायचा, "काय घाई आहे? तुझं ते माझं, माझं ते तुझं. मध्ये कोण येणार आहे?"

मला ते पटायचं. शेवटी शेजारच्या अक्कांनीच जोर लावला. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलं, घरात बोलतात मराठी, पण निम्मे शब्द कन्नडचे. त्यांच्या बहिणीच्या सासरी मृत्युपत्र नव्हतं म्हणून भावाभावांत कायमचं बोलणं बंद झालं होतं. "सरी, ठरलं, या आठवड्यातच जा," असं म्हणून त्यांनी बसवनगुडीतल्या एका वकीलबाईंचा पत्ता दिला.

औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. बाई साठीच्या, आमच्याशी कन्नड मिसळलेल्या हिंदीत बोलत होत्या. कागदपत्रं चाळून झाल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, "सर, तुम्ही स्वल्प बाहेर बसा. मी दोघांशी वेगवेगळं बोलते."

"आमच्यात लपवण्यासारखं काही नाही," तो हसत म्हणाला.

"नसेलच. तरी बसा."

दार लागल्यावर त्यांनी मला विचारलं, "मृत्युपत्र केलंच नाहीत, तर हा फ्लॅट कोणाला जाईल?"

"नवऱ्याला."

"आणि तुमच्या वेळी ते नसतील तर?"

मी म्हटलं, अर्धा त्यांच्याकडच्यांना आणि अर्धा माझ्या बहिणीला जात असेल. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मूल नसलेली हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतः कमावलेलंही नवऱ्याला जातं, आणि तो नसेल तर नवऱ्याच्या वारसांना. माहेरच्यांचा नंबर त्यांच्याही नंतर. म्हणजे आमच्या बाबतीत पुण्यातल्या थोरल्या दिरांना. नागपूरची माझी बहीण यात कुठेच नव्हती.

"सरांना हे माहीत आहे का?" त्यांनी विचारलं.

"नसावं," मी म्हटलं, आणि बोलताबोलताच माझी खात्री डळमळली.

बाहेर आले तर नवरा जिन्यात उभा राहून फोनवर बोलत होता. "हो दादा, आजच आलोय. बघू, काय म्हणतात ते." मला पाहून त्याने फोन ठेवला.

"कोण होतं?"

"जुन्या ऑफिसातला एक जण."

तो आत गेला आणि मी त्याच्या जागेवर बसून राहिले. मागच्या दिवाळीत दीर आमच्याकडे आले होते. जेवताना त्यांनी सहज विचारलं होतं, घराचा खाता, म्हणजे पालिकेतली नोंद, अजून हिच्याच नावावर आहे ना? मला तेव्हा ती त्यांची आपुलकी वाटली होती, मी त्यांना आणखी एक पुरणपोळी वाढली होती. आता ती पुरणपोळी जागेवर बसल्याबसल्या मला कडू लागली. नवरा माझ्यापेक्षा खूप जास्त वेळ आत होता.

पुढचे तीन आठवडे मी संशयात काढले. तो आंघोळीला गेला की त्याचा फोन उचलून कॉलची यादी पाहायचे. इतक्या वर्षांच्या संसारात हे मी कधी केलं नव्हतं. एक दिवसाआड दिरांचं नाव दिसायचं. नवरा चहा ओतताना गप्प असला तरी मला वाटायचं, हा काहीतरी ठरवतोय. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते असं सांगून मी बस बदलत एकटी वकीलबाईंकडे गेले आणि मसुदा करून घेतला. नवऱ्याला हयात असेपर्यंत फ्लॅटमध्ये राहण्याचा हक्क, त्याच्यानंतर फ्लॅट बहिणीच्या मुलीला. खोटं बोलण्यात मी त्याच्याइतकीच पुढे गेले होते.

आपापल्या मृत्युपत्रांवर सह्या करायला आम्ही दोघं एकत्र गेलो. साक्षीदार वकीलबाईंच्या ऑफिसातलेच होते आणि त्यांनाही आतला मजकूर सांगावा लागत नाही, त्यामुळे नवऱ्याला काही कळलं नाही. परतताना गाडी सिग्नलला थांबली आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

"त्या दिवशी फोनवर दादा होते."

तो समोर बघत राहिला. "हो."

"फ्लॅट त्यांच्याकडे जाईल हे तुला माहीत होतं?"

"माहीत होतं. तू फ्लॅट घेतलास तेव्हाच दादाने सांगितलं होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"दादाच्या मनात असं काही आलं हे तुला कळलं असतं, तर तू परत त्याच्या घरी पाऊल टाकलं नसतंस."

"आणि फ्लॅटचं काय?"

"फ्लॅटचा मी विचारच केला नाही." मागून हॉर्न वाजायला लागले, त्याने गाडी पुढे घेतली.

मला ते खरं वाटलं नाही. अजूनही पुरतं वाटत नाही. पण घर येईपर्यंत मी काय लिहिलंय ते त्याला सांगून टाकलं. त्याने एवढंच विचारलं, "मला राहू देतील ना?" मी हो म्हटलं. रात्री जेवण झाल्यावर त्याने स्वतःचं मृत्युपत्र आणून मला वाचून दाखवलं. सगळं माझ्या नावे होतं. मी चष्मा लावून ते पुन्हा स्वतः वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी वकीलबाईंना फोन करून विचारलं, की माणूस नंतर दुसरं मृत्युपत्र करू शकतो का. "केव्हाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीसुद्धा."

त्या रविवारी मी बहिणीला सांगितलं. मला वाटलं होतं तिला आनंद होईल.

"भाऊजींना माहीत आहे?" तिने विचारलं.

"आहे."

"खरंच? उद्या माझ्या पोरीवर यायला नको. त्यांना फोन दे."

मी फोन नवऱ्याच्या हातात दिला. "हो, मला माहीत आहे," तो तिला म्हणाला. "माझी काही हरकत नाही." तो हे बोलत असताना मी समोर उभी राहून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते.