मामांचा पहिला एपीआय

आपल्या जावयाला काहीतरी येतं, असं मनापासून मानणारा सासरा अख्ख्या पृथ्वीतलावर एकच आहे आणि तो दुर्गजवळच्या कोहक्यात राहतो. माझ्या बायकोचे हे मामा. मी दुर्गच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, म्हणजे बारा वर्षांपूर्वीच्या नोट्स वाचून दाखवतो. पण मामांच्या लेखी जगातली सगळी संगणकविद्या माझ्याच खिशात.

मामांनी पोलादाच्या प्लांटमध्ये आयुष्यभर क्रेन चालवली. निवृत्त झाले तरी कॉम्प्युटरसमोर बसायचं ते इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालूनच, आणि एंटर दाबण्याआधी "हटो!" अशी क्रेनवरची आरोळी ठोकून. मामी बिचाऱ्या चहाचा कप सांभाळत भिंतीला चिकटतात. मामांचा खरा नाद मात्र रक्तगटांचा. माझं लग्न ठरताना मामांनी एकच प्रश्न विचारला होता, "पॉझिटिव्ह का निगेटिव्ह?" कुणाला रक्त लागलं की फोन मामांना, आणि शेदीडशे रक्तदाते त्यांना तोंडपाठ.

मागच्या वर्षी एका बाळंतिणीसाठी फोन आला आणि मामांना नावच आठवेना. आठवलं तासाभरानं. बाई वाचली, पण मामा हादरले.

"डोक्यातून जाऊन राह्यलं, जवाईबापू. मशीनमंधी टाकतो. कोनी बी मोबाईलवर गट टाकला का नावं आली पाह्यजे."

"त्याला एपीआय म्हणतात," मी रुबाबात म्हणालो आणि गिऱ्हाईक सांगतं, वेटर स्वयंपाकघरातून आणून देतो, हे नोट्समधलं हॉटेलचं उदाहरण ऐकवलं.

"वेटर कावून?" मामा म्हणाले. "खालचा मानूस इशारा करते, मी वरून माल देतो. त्याले माह्या केबिनमंधी याची गरज नाई. इतकंच न?"

इतकंच होतं. मला ते समजायला चार वर्षं लागली होती.

पायथन या संगणकभाषेतलं एक छोटं, आयतं फ्रेमवर्क घेऊन मामा कामाला लागले. पहिलं उत्तर "जय भीम" असं यायला हवं होतं. आल्या त्या उलट्या तिरप्या रेघा आणि आकडे. मी तत्काळ निदान केलं, "कॉम्प्युटरला मराठी चालत नाही, मामा. इंग्रजीत लिहा." तीन दिवस मामा माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी फोन आला, "एका ओळीची सेटिंग होती. भेटली. तुमच्या पोराइले बी सांगजा." मी वर्गात सांगितली, स्वतःचा शोध म्हणून.

गेल्या महिन्यात आम्ही मामांकडे जेवत होतो, तेवढ्यात दुर्गच्या दवाखान्यातून फोन आला: ओ निगेटिव्ह हवं होतं, ताबडतोब. मामांनी खरकट्या हातानंच मोबाईलवर गट टाकला. एकच नाव आलं. मामांनी मोबाईल माझ्यापुढे धरला.

"हा कोन व्हय?"

तो जवळच्याच सुपेल्यातला माणूस मामांच्याच हाताखाली क्रेन शिकला होता. त्याच्या वरातीत मामा नाचले होते. मामींनी माझ्याकडे पाहिलं. एरवी काहीही ठोकून देणारा मी एवढंच म्हणालो,

"तुमचा दोस्त आहे, मामा."

"असं का? मंग लावा न फोन. दोस्त हाय तं नाई म्हननार नाई."

मी फोन लावला, निरोप सांगितला आणि मामांच्या कानाशी धरला. पलीकडून मोठ्यानं आवाज आला, "उस्ताद, अभी निकला!"

आपण कुणाशी बोलतोय हे मामांना अजूनही उमगलं नव्हतं. तरी ते मायेनं म्हणाले, "आरामात जाजो रे बाप्पा. रस्त्यात गर्दी असन."