मानाची फेरी

सभासद आणि त्यांच्या घरच्या माणसांना म्युनिसिपालिटीच्या खर्चाने औषधपाणी मिळावं की न मिळावं, या प्रश्नावर आमच्या गावात एके काळी बरंच बोललं गेलं. त्यातलं बरंचसं मीच बोललो. 'मास्तरांनी दवाखाना सरळ केला' असं अजूनही कोणी म्हणतं, आणि मी नुसती मान हलवतो. मान हलवण्याचा मला आता कंटाळा आला आहे, म्हणून हे लिहितो. गावाचं नाव लिहीत नाही. मावळात, लोणावळ्याच्या लाईनीवरचं गाव, एवढं पुरे.

आमच्याकडे खेड्यापाड्यांतून मानपानाला फार किंमत. पोळ्याला कोणाचे बैल आधी निघायचे, पंगतीत पहिलं पान कोणाचं, यावरून भाऊ भावाशी वर्ष वर्ष बोलत नाहीत. पुढे म्युनिसिपालिटी आली, निवडणुका आल्या, सभासद आले. आणि कोणी न ठरवता हा मान दवाखान्याच्या डॉक्टरांना जाऊन चिकटला. डॉक्टर सरकारी परीक्षा दिलेले, पगार म्युनिसिपालिटीचा, टांगाही म्युनिसिपालिटीचा. रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी तो टांगा अध्यक्षांच्या दारी, मग ज्येष्ठ सभासदांच्या, मग बाकीच्यांच्या, अशा क्रमाने फिरायचा. घरात कोणी आजारी असो नसो. आजारी नसेल तर नाडी बघायची, चहा घ्यायचा आणि पुढे निघायचं. एखाद्या घरी टांगा थांबला नाही, तर त्या सभासदाला दुखणं नसल्याचा आनंद व्हायचा नाही, अपमान व्हायचा. लोक हिला मानाची फेरी म्हणत. चेष्टेने म्हणत, पण म्हणत.

माझे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले आणि बरीच वर्षं सभासद होते. दम्याने ते थकले तेव्हा त्यांच्या जागी मी उभा राहिलो आणि निवडून आलो. खाजगी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो, त्यामुळे सगळे मला मास्तर म्हणत. निवडणुकीत मी एकच गोष्ट बोललो होतो: डॉक्टर आधी दवाखान्यात बसले पाहिजेत. लोकांना ते पटलं. मलाही ते मनापासून पटलेलं होतं, हे आधी सांगून ठेवतो.

पण टांगा आमच्याही दारी थांबायचा. वडिलांचा दमा खरा होता. त्याहून खरं होतं त्यांचं सकाळी वाट बघणं. धुतलेलं धोतर नेसून ते माजघरात खुर्चीवर बसायचे. डॉक्टर छातीला नळी लावायचे आणि मग दोघं मुंबईच्या बातम्या बोलत बसायचे.

"आबा, हे बंद करायला हवं," असं मी एकदा म्हणून बघितलं.

"काय बंद करायचं? दमा?" वडील म्हणाले. "तो तुझ्या ठरावानं बंद होत असेल तर आजच मांड."

मी ठराव पुढे ढकलला. आधी आपल्या घरचं नीट लावू, मग सभेत बोलू, असं मनाशी म्हणत राहिलो. सभेचे महिने गेले. मीटिंगला जायचो, गटारांवर आणि कंदिलांवर बोलायचो आणि घरी यायचो. त्या दिवसांत मला स्वतःचाच फार राग यायचा, आणि तो मी वर्गातल्या पोरांवर काढायचो.

आमच्याकडे दूध घालायला कुसगावच्या अंगाच्या एका वाडीतून एक बाई यायच्या. माझ्या लहानपणापासून यायच्या. मी त्यांना मावशी म्हणायचो, त्या मला दादा म्हणायच्या. उंच, बोलायला मोकळ्या, वडिलांचीसुद्धा चेष्टा करणाऱ्या. "आबा, डागदर तुमची छाती रोज रोज ऐकतोय, गाणंबिणं लागलंय का आत?" असं त्या मागच्या दारातून विचारायच्या, आणि वडील हसता हसता खोकायला लागायचे. गावातले रतीब घालत घालत आमचं घर शेवटी यायचं, म्हणून त्यांची आणि डॉक्टरांची वेळ बहुतेक एकच पडायची. डॉक्टरांचा चहा मावशींच्याच म्हशीच्या दुधाचा असायचा.

दिवाळी होऊन गेली होती. भाताची झोडणी चालू होती. एके सकाळी मावशी पदराने एक डोळा झाकून आल्या.

"काय झालं हो?"

"कुसळ उडालं झोडताना. लय खुपतंय. पोराच्या बानं जिभंनं काढलं, पर आत काय तरी ऱ्हायलंय."

"दवाखान्यात दाखवा."

"व्हय, जाते."

गेल्या. कंपाउंडरने बोरिकच्या पाण्याने डोळा धुऊन दिला आणि डॉक्टर येईपर्यंत बसायला सांगितलं. डॉक्टर आमच्याकडून उठून पुढच्या दोन घरी गेले होते. मावशी काही वेळ थांबल्या आणि निघून गेल्या. खळ्यावर भात उघडं पडलेलं, आभाळ आलेलं, घरी म्हशी. दुसऱ्या दिवशीही असंच झालं. तिसऱ्या दिवशी त्या हट्टाने बसून राहिल्या, तर अध्यक्षांच्या नातीला पडसं झालेलं. डॉक्टर दुपारपर्यंत तिकडेच.

त्याच्या पुढच्या सकाळची गोष्ट सांगायची आहे. डॉक्टर माजघरात वडिलांजवळ होते. मी बाहेर ओसरीवर जोडा घालत होतो. मावशी मागच्या दाराने न जाता पुढून आल्या. दुधाची कासंडी खाली ठेवली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, डागदर हितंच हायेत, तर जरा बघाया सांगा की. मी तितं तीनदा जाऊन आले."

डोळा लाल होऊन सुजला होता, पाणी गळत होतं. मला दिसत होतं ते. मी काय म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो. म्हणालो, "मावशी, इथे त्यांना रोगी दाखवणं बरोबर नाही. हे डॉक्टर लोकांचे आहेत, माझे नाहीत. माझ्या घरी माझ्या ओळखीनं बघितलं, तर उद्या मी सभेत कोणत्या तोंडानं बोलू? तुम्ही दवाखान्यात जा."

मावशींनी पदराने डोळा टिपला. त्यांना काही कळलं नसावं. आत डॉक्टर वडिलांना म्हणत होते, "जोरात श्वास घ्या. हां. सोडा."

"बरं," मावशी म्हणाल्या आणि कासंडी उचलून मागच्या दाराकडे गेल्या.

मला त्या वेळी काय वाटलं, हेही लिहायला हवं. मला बरं वाटलं. आपण तत्त्वाला धरून वागलो, मोहात पडलो नाही, असं वाटलं. आत माझ्या बापाच्या छातीला म्युनिसिपालिटीची नळी लागलेली होती, आणि मी बाहेर उभा राहून म्युनिसिपालिटीचा कायदा सांभाळत होतो. वडिलांना नाही म्हणायची माझी छाती नव्हती. जिला नाही म्हटल्याने माझं काही बिघडत नव्हतं, तिला मी नाही म्हणालो.

मावशी आणखी एकदा ओसरीसमोर येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. या वेळी काही मागितलं नाही. मी छत्री शोधायला आत गेलो. आभाळ तेव्हा स्वच्छ होतं.

मग दूध घेऊन त्यांची सून यायला लागली. मामंजी सासूला घेऊन पुण्याला मोठ्या इस्पितळात गेलेत, असं तिने सांगितलं. मावशी परत आल्या तेव्हा डोळ्यात फूल पडलेलं होतं. पांढरं, दुधासारखं. तिथल्या डॉक्टरांनी म्हणे एवढंच सांगितलं की चार-सहा दिवस आधी औषध पडतं, तर डोळा राहिला असता.

मी ठराव मांडला. आता कशाचीही वाट बघितली नाही. दवाखाना उघडल्यापासून रोगी संपेपर्यंत डॉक्टरांनी तिथून हलू नये, आणि सभासदांच्या घरची फुकट भेट बंद व्हावी.

अध्यक्ष लाकडाचे व्यापारी होते, मनाने वाईट नव्हते. ते म्हणाले, "अहो मास्तर, आम्ही पगार घेत नाही, भत्ता घेत नाही. घरचं खाऊन गावची गटारं हुंगतो. एखादं मिक्श्चर प्यालो, तर म्युनिसिपालिटीचं काय वाहून गेलं? आणि मिक्श्चर तरी काय बासुंदी आहे?"

सगळे हसले. दुसरे एक सभासद माझ्याकडे न बघता म्हणाले, "आबांची तब्येत कशी आहे हल्ली? डॉक्टर सांगत होते, सुधारतेय."

पुन्हा हसले. ठराव तिथेच बसला असता. तेव्हा मी मावशींची गोष्ट काढली. नाव न घेता काढली. एक गरीब बाई, भात झोडताना डोळ्यात कुसळ, तीन दिवस दवाखान्याच्या पायरीवर, आणि डॉक्टर आपल्यापैकी कोणाच्या तरी घरी चहा पीत. मला बोलता येतं.

एका सभासदाने विचारलं, "पण ती रोज गावात येते म्हणता, तर डॉक्टरांना एखाद्या घरी जाऊन का नाही गाठलं?"

मी म्हणालो, "तिच्यासारखीला आपल्यातला कोण दारात उभं करतो?"

ज्यांनी हसण्यावारी नेलं होतं त्यांनी माना खाली घातल्या. त्यांतल्या एकाच्याही दारी मावशी डोळा दाखवायला गेल्या नव्हत्या. त्यांची ती लाज माझी होती, आणि ती मी त्यांना वाटून दिली.

ठराव पास झाला. फक्त अध्यक्षांनी एक दुरुस्ती सुचवली: 'तातडीचे प्रसंग खेरीज करून.' माणुसकीच्या दृष्टीने त्याला नाही कोण म्हणणार?

"तातडी ठरवायची कोणी?" मी विचारलं.

"ज्याला ताप आलाय त्यानं," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही का आमचा ताप ठरवणार?"

दुसऱ्या आठवड्यापासून गावात तातडीची साथ आली. अध्यक्षांच्या घरी रोज सकाळी तातडी. ज्येष्ठ सभासदांच्या घरी त्यानंतर तातडी. टांगा त्याच क्रमाने, त्याच घरांपुढे थांबायला लागला. फरक एवढाच की आता निरोप जायचा, आणि निरोप गेल्यावरच यायचं म्हणून डॉक्टरांना दवाखान्यात जायला आणखी उशीर व्हायचा. मी एकदा डॉक्टरांना वाटेत गाठून बोललो, तर ते म्हणाले, "मास्तर, माझी नेमणूक दर साली कायम करणारे तुम्हीच सगळे. मी कोणाला सांगू, तुमचा खोकला तातडीचा नाही म्हणून?"

मी सभेत प्रश्न विचारला. उत्तर आलं की ठराव अमलात आहे. पुन्हा विचारला, पुन्हा तेच. बाहेर लोक मला नमस्कार करत. एक म्हातारा बाजारात हात धरून म्हणाला, "मास्तर, गरिबाकडनं बोलणारा एक तुमीच." मला हात सोडवून घेता येईना.

त्या थंडीत वडिलांचा दमा खरोखरच उपटला. ओठ निळे पडले. टांगेवाल्याकडे मीच पळत गेलो आणि मीच म्हणालो, "तातडी आहे." होतीच. डॉक्टर आले, टोचलं, श्वास मोकळा झाला. डॉक्टर मग पूर्वीसारखे खुर्चीवर टेकले, आणि आतून त्यांच्यासाठी चहा आला.

तेवढ्यात मावशी आल्या. सून बाळंत झाल्यामुळे पुन्हा त्याच दूध घालत होत्या. मी ओसरीवर गेलो आणि म्हणालो, "मावशी, थांबा जरा." आणि आत बघून, "डॉक्टर, यांचा दुसरा डोळा तपासता का? त्याचं काही होऊ नये."

डॉक्टर चहा खाली ठेवून बाहेर आले. हसून म्हणाले, "तुमच्या ठरावात हे बसतं का?"

"नाही बसत."

त्यांनी मावशींना पायरीवर उजेडात बसवलं, पापणी वर करून बघितलं, बोट नाचवून बघितलं. म्हणाले, "हा उत्तम आहे." मग पांढरा डोळा बघितला. "हे कधी झालं?"

"झोडणीच्या वक्ताला."

"मग वेळेवर दाखवायचं नाही का? तुम्ही लोक नेहमी उशीर करता."

मी दाराला धरून उभा होतो. मावशींनी माझ्याकडे बघितलं नाही. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आलते की दवाखान्यात. तुमी न्हवता तितं."

पुढे त्या काही म्हणतील म्हणून मी थांबलो. म्हणाल्या नाहीत. मीही म्हणालो नाही. तेव्हा बोलायला हवं होतं, ते आज लिहितो आहे. त्या आता नाहीत, डॉक्टर बदलून गेले, वडीलही गेले.

मावशींनी कासंडी उचलली आणि मागच्या दाराकडे गेल्या. डॉक्टरांनी हात धुतले, आत येऊन बसले आणि चहा उचलला. तो अजून गरम होता.