बुलेस्तेच्या अंगणातली वाट

लेओनार बुलेस्तेला माणसांवर ओरडायला आवडायचं, आणि देवाने त्याची सोयही करून ठेवली होती. जंगलातून उतरणारी पायवाट बगळ्याच्या तळ्याच्या बांधावरून यायची ती थेट त्याच्या अंगणात शिरायची. एका अंगाला घर, दुसऱ्या अंगाला गोठा, आणि मधून पाठीवर पिशव्या घेतलेलं सगळं जग. वाट सरकारी होती, त्याच्या पणजोबाच्याही आधीची, त्यामुळे कोणाला अडवायची सोय नव्हती. ओरडायला मात्र मनाई नव्हती.

त्या वाटेवर खुणा रंगवायचं काम माझ्याकडे आहे. आमच्या पदभ्रमण मंडळात प्रत्येकाला एकेक टप्पा दिलेला असतो. झाडावर पिवळा आडवा पट्टा म्हणजे बरोबर चालला आहात, पिवळी फुली म्हणजे इकडे वळू नका. तळं आणि त्यापलीकडचा बुलेस्ते माझ्या वाट्याला आला, कारण दुसरं कोणी तो घ्यायला तयार नव्हतं. दर वसंतात मी डबा आणि ब्रश घेऊन गेले की तो दारातच उभा असायचा.

"आली रंगारीणबाई! ए ओदेत, माझ्या भिंतीला ब्रश लावलास तर हात तोडून हातात देईन."

"अहो बुलेस्ते, भिंत कधीच पडली असती. माझ्या पट्ट्याने तर धरून ठेवलीय."

"मग गोठ्यालाही मार एक. तोही कलायला लागलाय."

येणाऱ्याजाणाऱ्याला तो सोडत नसे. कोणाचं कुत्रं मोकळं असायचं, कोणी फाटक उघडं टाकायचं, कोणी खाली पडलेला चेस्टनट उचलून खिशात घालायचं. काहीच सापडलं नाही तर कपडे होतेच. "काय हो बाई, आतल्या कपड्यांवरच निघालात? घरच्यांना माहीत आहे का?" असं त्याने पॅरिसच्या एका डॉक्टरीणबाईंना विचारलेलं मी स्वतः ऐकलंय. एकदा एका डच माणसाला त्याच्या बोलण्यातलं अक्षरही कळेना, तेव्हा म्हातारा त्याच्यावर पुन्हा पहिल्यापासून, सावकाश ओरडला. त्याची बायको मार्त आतून म्हणायची, "पुरे झालं, आता पाणी दे त्यांना." मग तो पंपावर त्यांच्या बाटल्या भरून द्यायचा. तोंड तेव्हाही चालूच असायचं.

मार्त गेली. गुडघे धरले म्हणून त्याने गाई विकल्या. मुलगा लिमोज शहरात असतो, नाताळला येतो आणि जेवण झालं की घड्याळ बघतो. त्यानंतर म्हाताऱ्याचं ओरडणं आणखी लांबलं, पण आम्हाला वाटलं, वय झालं, दुसरं काय. दर महिन्याला तो नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन तीच तक्रार करायचा: ही वरात माझ्या अंगणातून हलवा. कचेरीतल्या बाई त्याला बघितल्यावर कॉफी ठेवायच्या. तक्रार सांगून संपेपर्यंत ती होऊन थंडही व्हायची.

मग रेजिस आमच्या मंडळाचा अध्यक्ष झाला. तो रेल्वेतून निवृत्त झालेला, त्याला सगळं रुळावर लागतं. त्याच सुमारास कोणीतरी इंटरनेटवर लिहिलं की या वाटेवरचं तळं फार सुंदर आहे आणि म्हातारा फार भयंकर. रेजिसने नकाशा पसरला, पेन्सिल घेतली आणि वाट तळ्याच्या दुसऱ्या काठाने, बीच नावाच्या झाडांच्या रानातून वळवली. मीच जाऊन अंगणातले जुने पट्टे करड्या रंगाने पुसले आणि बांधाच्या तोंडाशी, जिथे वाट फुटते तिथे, फुली मारली. बुलेस्ते जिंकला. त्या संध्याकाळी त्याने कॅफेत सगळ्यांना वाइन पाजली. त्याच्याकडे पाकीट आहे हे गावाला तेव्हा कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात लोक चुकायला लागले.

रेजिसकडे तक्रारी आल्या. खुणांप्रमाणे चाललो आणि एका म्हाताऱ्याच्या अंगणात पोचलो, त्याने आमची अक्कल काढली. मी बांधाशी जाऊन पाहिलं. माझी फुली पुसलेली आणि तिच्या जागी पट्टा. बीचच्या रानाकडे मी मारलेल्या पट्ट्यावर आडवीतिडवी फुली. मी सगळं पुन्हा रंगवलं. पंधरवड्याने जाऊन बघते तर पुन्हा उलटं. रेजिसला शिकाऱ्यांचा संशय, कचेरीतल्या बाईंना मोटरसायकलवाल्या पोरांचा. मी रंग बघितला. आमचा रंग लिंबासारखा फिका असतो. हा अंड्याच्या बलकासारखा होता, आणि अशा रंगाच्या खिडक्या आमच्या पंचक्रोशीत एकाच घराला आहेत. मार्तने हट्टाने रंगवून घेतल्या होत्या.

मी चुकलेल्या माणसासारखी त्या वाटेने खाली गेले आणि गोठ्याच्या कोपऱ्यावर थांबले. अंगणात एक तरुण जोडपं उभं होतं आणि लेओनार त्यांना फैलावर घेत होता.

"चुकलो म्हणे! झाडावर एवढाले पट्टे मारून ठेवलेत, डोळे काय गहाण टाकलेत?"

"पण आजोबा, पट्टा इकडेच—"

"आजोबा कोणाला म्हणतोस? आण ती बाटली इकडे. आणि हिला बसव जरा, धापा टाकतेय."

ती दोघं अर्धा तास बसली. लग्न झालंय का, घर कुठलं, असले बूट घालून कोण चालतं, सगळं विचारून झालं. मग तो काठी घेऊन त्यांना बांधापर्यंत पोचवायला निघाला, दुखऱ्या गुडघ्यांनी. मी मागच्या मागे परतले. हसू आवरत नव्हतं खरं, पण घरी पोचेपर्यंत ते उरलं नाही.

रेजिसला मी काय ते सांगितलं. तो वाईट माणूस नाही. "वाट परत अंगणातून नेऊ," तो म्हणाला, "पण त्याने स्वतःच्या तोंडाने मागितलं पाहिजे. इतकी वर्षं त्याने कचेरीचं डोकं खाल्लंय. आपण होऊन नेली तर पहिल्या तारखेला पुन्हा हजर. मागणार नसेल तर मी तिथे सिमेंटमध्ये लोखंडी खांब रोवतो, बाण बीचच्या रानाकडे. खांब काही ब्रशने फिरत नाही."

म्हणून ऑक्टोबरात मी बुलेस्तेकडे गेले. त्याने खुर्ची दिली नाही, मीच ओढून घेतली.

"तो रंग कुठून आणलात?" मी विचारलं.

"कसला रंग?"

"अहो, हाताला लागलाय."

त्याने हात बघितला आणि पँटला पुसला. रंग वाळलेला होता, तो काय निघणार. मी रेजिसचं म्हणणं सांगितलं. एक वाक्य बोला, वाट परत येते. नाहीतर खांब.

"मी मागू?" तो उसळला. "त्या पिशवीवाल्यांना मी बोलावू? गाव हसेल मला. ज्यांना हाकलून लावलं त्यांना या म्हणून पायघड्या घालू?"

"पायघड्या नकोत. नुसतं हो म्हणा."

"नाही म्हणणार."

"मग खांब बसेल."

"बसू दे! चार बसवा!"

मला राग आला, खोटं कशाला सांगू. त्याच्या अंगणात बसून त्याच्याच भल्यासाठी मी त्याची मनधरणी करत होते, आणि मी कसाई असल्यासारखा तो माझ्याकडे बघत होता. मी उठले, कोट घातला आणि म्हटलं, "ठीक आहे. शनिवारी येतो आम्ही. सिमेंट सांगून ठेवलंय."

मी अंगण ओलांडून गोठ्यापाशी आले तेव्हा त्याने हाक मारली. नेहमीसारखी नव्हे, हळू. मला आधी वाटलं आत कोणी बोलतंय.

"ओदेत."

"काय?"

"शनिवारी नको."

"का? शनिवारी काय आहे?"

तो दारात उभा होता, चौकटीला धरून. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "शनिवारी लोक येतात."

मी तिथून सरळ रेजिसच्या घरी गेले आणि सांगितलं, मागितलं त्याने. नक्की कसं मागितलं, रेजिसने विचारलं. मी सांगितलं तेव्हा तो पेन्सिल शोधायला लागला.

खांब आम्ही मंगळवारी रोवला. मंगळवारी तिकडे कोणी फिरकत नाही. बाण अंगणाकडे केला. लेओनार काठी टेकत बांधापर्यंत आला आणि सिमेंट पातळ झालंय, पातळ झालंय म्हणून आमच्या डोक्यावर उभा राहून ओरडत होता. मला रडू येत होतं. आणि सिमेंट खरंच पातळ झालं होतं.