एकोणतीसचा पाढा

तालुक्यात 'तंत्रस्नेही शिक्षक' म्हणून माझं नाव होतं. मोबाइल उभा करायला मी बांबूचा स्टँड स्वतः बनवला होता, आणि कोणी शाळा बघायला आलं की मुलांच्या आधी तो स्टँड दाखवायचो. आता सांगताना लाज वाटते.

शाळा पुसेगावच्या बाजूला एका तांड्यावर. दिवाळी झाली की तांड्यातली निम्मी घरं ऊस तोडायला कारखान्यांच्या मुलखात जातात, ती गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. तोवर वर्ग अर्धा रिकामा. दरवर्षी ट्रॅक्टर भरायला लागले की मी तिथं जाऊन उभा राहायचो आणि भांडायचो. लेकरं आजी-आजोबांपाशी ठेवा, मी बघतो त्यांच्याकडं. बाया तोंडावर शिव्या द्यायच्या, बाप्ये हसायचे, पण पाच-सहा मुलं तरी ट्रॉलीतून खाली उतरायची.

त्यातल्या एका मुलीला मी सलग तीन वर्षं उतरवून घेतलं होतं. ती आठवीत आली. वर्गात पहिली, आणि आपण पहिल्या आहोत हे तिला चांगलं ठाऊक. फळ्यावर माझं गणित चुकलं की ती हात वर करायची नाही, नुसती खोकायची. मी वळून गणित पुसायचो. ही पोरगी दहावी होईल, पुढंही शिकेल, असं मी घरी बायकोला सांगायचो.

त्या वर्षी ट्रॉली भरायच्या आधीच तिचा बाप शाळेत आला.

"सर, म्हातारीला आता दिसत न्हाई. पोरीला कोनापाशी ठिवू? तुमी म्हनाल तसं."

मी नुकताच हिंगोलीहून प्रशिक्षण घेऊन आलो होतो. फोनमध्ये नवीनवी अॅप भरली होती. एक तर मुलांचं वाचन ऐकून आपलं आपणच गुण द्यायचं. मी म्हणालो, "न्या की सोबत. शाळा आता मोबाइलमध्ये आहे. मी धडा पाठवीन, ती अभ्यासाचा व्हिडिओ पाठवील. तिचं काही बुडत नाही."

बापाच्या डोक्यावरचं ओझं उतरलं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. त्या वर्षी मी ट्रॅक्टरपाशी भांडायला गेलो नाही. शाळेच्या दारातूनच हात केला.

पहिले काही आठवडे ती रोज वाचन पाठवत होती. उसाच्या पाल्यात वारा सुटला की अॅपला तिचा आवाज कळायचा नाही, ते 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणायचं. तोच उतारा ती सात-सात वेळा वाचायची. फोन दिवसभर बापाच्या खिशात, आणि रेंज यायची फक्त भरलेल्या ट्रकच्या टपावर. तरी काही ना काही यायचंच. ही पोरगी काम कधी करते, झोपते कधी, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी तिच्या नावापुढं हिरवी खूण करत होतो.

संक्रांतीनंतर एक व्हिडिओ आला. तिच्या धाकट्या बहिणीनं काढलेला. ट्रकला लावलेली अरुंद फळी, तिच्यावरून ही चढतेय, डोक्यावर उसाची मोळी, आणि तोंडानं एकोणतीसचा पाढा. मी हरखून गेलो. व्हिडिओ दोन मिनिटांचा होता. एवढं लांबण कोण बघतं? मी मधले रिकामे तुकडे कापून तो अर्ध्या मिनिटावर आणला, खाली संगीत लावलं, वर लिहिलं, 'उसाच्या फडातली ऑनलाइन शाळा', आणि शिक्षकांच्या ग्रुपवर दिला टाकून. तिला विचारलं नाही. तिच्या बापालाही नाही.

दोन दिवसांत तो जिल्हाभर फिरला. शिक्षण खात्यातल्या साहेबांचा फोन आला. हिंगोलीला मोठ्या पडद्यावर तो लावला, तेव्हा सभागृह टाळ्या वाजवत होतं आणि मी कॉलर नीट करत होतो. इतके शिक्षक बसले होते तिथं. मोळीबद्दल कोणी बोललं नाही. मीही नाही.

पाडव्यानंतर तांडा परतला. ती शाळेत आली नाही. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. चौथ्या दिवशी मी घरी गेलो. बापानं बाज टाकली आणि बुंदीची प्लेट हातात दिली.

"लगीन केलं सर पोरीचं. दोन दिस झाले, पोराच्या तांड्यावर."

तो खुशीत होता.

"तुमच्यामुळंच जमलं. आमच्या तांड्यांच्या ग्रुपवर आला ना तुमचा व्हिडू! पाव्हणे त्यो बघूनच आले. म्हने, पोरगी मोळी घिऊन सरळ वर चढती, वरून पाढे म्हनती, दम कसा तो लागत न्हाई. असा कोयता शोधून सापडत न्हाई."

ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडणार, ती मोळ्या बांधून वाहणार. मुकादमाला जोडीच लागते, एकट्या पोराला तो घेत नाही. म्हणून हंगामाच्या आधी पोरांची लग्नं उरकतात आणि दणकट मुली शोधतात. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तरी त्या व्हिडिओत मला पाढा दिसला, त्यांना मोळी दिसली.

मी ओरडलो, "चौदा वर्षांची आहे ती! काहून एवढी घाई केली? गुन्हा आहे हा."

तो चिडला नाही. म्हणाला, "सर, तुमीच म्हनले न्या म्हनून. पोरगी फडावर एकदा कामाला लागली की समद्यांच्या नजरेत येती. दर सालासारखे भांडले असते तर ठिवली असती म्या, म्हातारीला दिसो का न दिसो."

बुंदीची प्लेट मी तशीच बाजेवर ठेवली.

शाळेच्या भिंतीवर बालविवाहाच्या तक्रारीचा नंबर आहे. तो मीच रंगवून घेतला होता. त्याच्यासमोर उभा राहून मी दोनदा फोन हातात घेतला. चौकशी झाली असती, व्हिडिओ कोणी टाकला ते निघालं असतं, टाळ्या वाजवणारे साहेब पहिले मलाच उभं करणार होते. मी भ्यालो. फोन खिशात टाकून वर्गात गेलो.

पुढच्या दिवाळीला ती दुसऱ्या तांड्याच्या ट्रॉलीतून गेली, असं तिच्या बहिणीनं सांगितलं. त्या वर्षी मी ट्रॅक्टरपाशी इतका भांडलो की माझा शर्ट फाटला, आणि बहिणीला उतरवून घेतलं. त्यानं थोरलीचं काही भरून निघत नाही.

व्हिडिओ मी माझ्याकडून काढून टाकला, पण तो फिरतोच आहे. मागच्या आठवड्यात शिक्षकांच्या एका ग्रुपवर पुन्हा आला, खाली 'प्रेरणादायी' आणि जोडलेल्या हातांची रांग.

मूळ दोन मिनिटांचा अजून माझ्या फोनमध्ये आहे. एकोणतीस साते दोनशे तीनपर्यंत ती नीट म्हणते. मग फळीच्या मध्यावर तिचे पाय थांबतात. गुडघे थरथरतात. कितीतरी वेळ फक्त तिच्या धापेचा आवाज येत राहतो. मग ती फोनकडं बघून म्हणते, "सर, जरा थांबा."

तेवढंच मी कापलं होतं.