दिवस कलला की वळणारी पावलं

माझी पोर सकाळी अंगणात टणाटण उड्या मारायची. दिवस कलला की तिची पावलं आत वळायची, टाचा उचलायच्या, आणि दिवेलागणीला ती भिंत धरून सरकायची. आठ वर्षांची होती. मी मोताळ्यात शिवणकाम करते, स्वभावानं तिखट. मला वाटलं, संध्याकाळच्या भांड्यांचा कंटाळा. "नाटकं नको करू वं!" म्हणून एकदा पाठीत धपाटाही घातला.

डॉक्टरला दाखवलं नाही, असं नाही. पण आमच्याकडे बुलढाण्याचा दवाखाना म्हणजे सकाळची पहिली एसटी. पोर मांडीवर झोपत जायची, उतरली की ताजीतवानी, डॉक्टरांपुढे तरातरा चालून दाखवायची. तीनदा गेलो, तीनदा एकच उत्तर, काही नाही. मग तर ही नाटकंच, अशी माझी खात्री पटली.

चौथ्या खेपेला पहिली एसटी चुकली, दुसरी घाटात बंद पडली. पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. नव्या डॉक्टरीणबाई निघायच्याच बेतात होत्या. दारातून येणाऱ्या पोरीच्या पायांकडे पाहून त्या परत बसल्या. "ही सकाळी कशी असते?" हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

त्यांनी समजावलं, मेंदूत हालचाल सांभाळणारं डोपामिन नावाचं द्रव्य बनतं. ते बनवायला लागणाऱ्या एका जीनमध्ये चूक असावी. दिवसभरात साठा सरतो, झोपेत थोडा भरतो. मी ऐकतच राहिले. एवढ्या मोठ्या देहात इतकुशी चूक, अन् पोर भिंतीला! त्यांनी अर्धी गोळी लिहून दिली, दोघींचं रक्त तपासणीला पाठवलं.

पुढे रिपोर्ट आला. तीच चूक माझ्यातही होती. माय माय! मी तर जन्मभर मशीन हाणते. "मंग मले काऊन काही नाही?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "सगळ्यांमध्ये दिसतेच असं नाही. का, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही." शिकलेल्या बाईनं असं सरळ सांगितलं, याचंच मला नवल वाटलं.

पण हे नंतरचं. गोळी सुरू झाल्याच्या चौथ्या संध्याकाळी पोर उठली, अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेली आणि परत आली. भिंत न धरता, सरळ पावलांनी. माझं मशीन थांबलं. ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"आई, आता तं खरं वाटते ना तुले?"